रुमालाखाली

शाहूपुरीच्या गूळबाजारात तेव्हा
भाव तोंडानं सांगत नसत.
अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालत,
बोटांनी बोटं दाबत,
आणि चेहरे असे,
जणू पावसापाण्याचं चाललंय.

माझे वडील, अण्णाप्पा मगदूम,
शेजारी बसून वजनं लिहीत.
सदऱ्याला गुळाचा वास, रविवारीसुद्धा.

लक्ष्मीपुरीत मकबूल पटवेगारच्या दुकानात
हेरकथा भाड्यानं मिळत, दिवसाला पंचवीस पैसे.
लेखक: कॅप्टन समशेर.
मुखपृष्ठावर ओव्हरकोट, पिस्तूल,
आणि एक बाई, जिचा आत कुठं पत्ता नसे.
मी त्या भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचल्या.
समशेरांचं बर्लिन मला पाठ होतं:
नदीला दगडी घाट,
बर्फ काहिलीवरच्या फेसासारखा, जरा पिवळट,
आणि ती प्रसिद्ध भिंत,
जिच्या एका भगदाडातून शेळ्या ये-जा करत.

एजंट जयकर पायात कोल्हापुरी घालत नसे,
करकर वाजते म्हणून.
वडीलही पापाच्या तिकटीवर न वाजणारी मागत.
दुकानदार चिडे:
वाजत न्हाई ती कोल्हापुरी कसली वो मगदूम?

फितूर शेवटच्या प्रकरणात सापडे.
तो दुष्ट कधीच नसे. कारकून असे.
चष्मा, जेवणाचा डबा, शाळेत जाणारी मुलगी.
जयकर पिस्तूल रोखून विचारी, का?
आणि तो म्हणे,
दोन नावांनी जगता येतं साहेब,
एका पगारात येत नाही.
इथं जयकरचा हात थरथरे. प्रत्येक पुस्तकात.
मला राग येई. मार की, मी म्हणे.

एकदा पकडली गेले.
असलं वाचून डोकं फिरतं, म्हणाले,
पुस्तक हिसकावून आत गेले.
सकाळी ते माझ्या दप्तरात होतं,
भूगोलाच्या आतच, होतं त्या जागी.
मला वाटलं, आईनं ठेवलं.

ते गेले तेव्हा ट्रंकेत एक्केचाळीस पुस्तकं निघाली,
सगळी समशेरची,
आणि पुण्याहून आलेल्या मनीऑर्डरींच्या पावत्या,
दीडशे, दीडशे, एकदा एकशे पाच.
मी आईकडं पाहिलं.
ती तांदूळ निवडत होती.
मला ठाऊक होतं की, ती म्हणाली,
रात्री कंदिलातलं रॉकेल कोण भरत होतं?

मिरजेपलीकडं न गेलेला माणूस.
मिरजेलाही दाढ काढायला गेलेला.
लोक म्हणतात, या कथा सरहद्दीच्या असतात.
असतील.
आमची सरहद्द स्वयंपाकघर आणि सोप्याच्या मधे होती,
अलीकडं मी लपवत होते जे वाचते ते,
पलीकडं ते, जे लिहितात ते,
आणि दोघांच्या हातात एकच पुस्तक.

मग आठवलं पान सत्त्याऐंशी.
छापलं होतं: त्या रात्री जयकर एकटा होता.
कुणीतरी लाल शाईनं
'होता' खोडून 'नव्हता' केलं होतं,
बारीक, वळणदार,
वजनाच्या वहीतला तो 'व'.
मी तेव्हा म्हटलं, कुणी आगाऊ वाचक असेल.

पटवेगारनं खाडाखोडीचा दंड लावला, आठ आणे.
माझ्याकडं नव्हते.
घाबरत घाबरत वडिलांकडं मागितले.
त्यांनी खिशातून रुमाल काढला,
गाठ सोडली,
नाणं माझ्या तळव्यावर ठेवून
माझी बोटं त्यावर मिटली,
जरा दाबून.
कशाला हवेत, ते विचारलं नाही.